‘सेट’चे शेकडो अर्थ आणि आपलं बसवणं-लावणं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वाचकांनी मागच्या महिन्यात विचारलं होतं, “दिवसभर तोंडात ‘सेट’ असतो. मशीन सेट करा, टाइम सेट करा, जॉब सेट झाला का बघा. याला मराठीत एक शब्द द्या.” एक शब्द नाही, चार-पाच आहेत आणि कुठला कुठे हे कामावर ठरतं, असं थोडक्यात कळवलं होतं. त्यावर सराफांच्या गुजरीपासून इचलकरंजीपर्यंतच्या वाचकांनी आपापल्या कामातला ‘सेट’ लिहून पाठवला. त्यांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ ‘सेट’ या शब्दाला आहेत, असं तिला शिकवणीत सांगितलं. हे खरं आहे का? आणि इतके अर्थ पाठ कसे करायचे? (एक पालक, राजारामपुरी)

बरीच वर्षं ते खरं होतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. तिच्यात ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ आहेत आणि ती एकटी नोंद साठ हजार शब्दांच्या घरात जाते. तिसऱ्या आवृत्तीचं काम चालू असताना मात्र ‘रन’ पुढे गेला. २०११ साली संपादकांनी ‘रन’ क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले. मोजणीत पहिला नंबर आता ‘रन’चा, पण आपल्या रोजच्या कामात जास्त अडवतो तो ‘सेट’च.

अर्थ पाठ करू नयेत, मूळ धरावं. ‘सेट’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीतल्या ‘सेट्टन’वरून आलं. ते ‘सिट’चं प्रयोजक रूप, म्हणजे ‘बसणे’पासून ‘बसवणे’. संस्कृतातला ‘सद्’ धातू याच घराण्यातला : सदन, संसद, परिषद, सभासद, उपनिषद हे सगळे त्याच्यापासून झालेले. ‘सीदति’ म्हणजे बसतो आणि ‘सादयति’ म्हणजे बसवतो. इंग्रजीतली सिट-सेट ही जोडी नेमकी तशीच घडली आहे. (आपलं ‘बसणे’ मात्र ‘उपविशति’वरून आलं आहे. अर्थ तोच, मूळ वेगळं.)

म्हणून मुलीला वाक्य दिसलं की पहिल्यांदा ‘बसवणे’ लावून बघायला सांगा. मोडलेलं हाड बसवलं, अंगठीत खडा बसवला, केस नीट बसवले : तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’ येतो. नाही जुळलं तर ‘लावणे’. गजर लावला, सापळा लावला, आग लावली, गाण्याला चाल लावली, दही लावलं. तरीही नाही जुळलं तर ‘मांडणे’ : जेवणाची पानं मांडली, बुद्धिबळाचा पट मांडला. आणि हाताला लागत नाही अशी गोष्ट असेल तर ‘ठरवणे’ : तारीख ठरवली, भाव ठरवला, लक्ष्य ठरवलं. वहीच्या पानावर चार रकाने पाडा आणि पाठ्यपुस्तकात भेटेल तो प्रत्येक ‘सेट’ एकात टाकत जा. कुठंच न बसणारे थोडे उरतील : सूर्य मावळणे, प्रश्नपत्रिका काढणे, कैद्याला मोकळं सोडणे, उदाहरण घालून देणे. पाठ करायचे ते एवढेच.

उलट्या बाजूनं मात्र ही युक्ती वापरू नये. गणपती बसवतो, नाटक बसवतो, म्हणून तिथं इंग्रजीत ‘सेट’ येत नाही. मराठी वाक्याचं इंग्रजी करताना याच जागी मार्क जातात.

व्याकरणाचे दोन मुद्दे. ‘सेट’ची तिन्ही रूपं एकच, ‘सेटेड’ असं रूप नाही. म्हणून ‘ही सेट द टेबल’ या वाक्यात शेवटी ‘स’ नाही, एवढ्यावरूनच तो भूतकाळ आहे हे ओळखायचं. वर्तमानात ‘ही सेट्स’ होतं. दुसरा मुद्दा : माणूस स्वतः बसतो तेव्हा ‘सिट’, वस्तू ठेवतो-बसवतो तेव्हा ‘सेट’. पाहुण्याला ‘प्लीज सेट डाउन’ म्हटलं तर वाक्य अर्धवट राहतं. काय खाली ठेवायचं, ते सांगायचं राहून गेलेलं असतं.

प्रश्न : मग ‘सहा कपांचा सेट’ यात बसवण्याचा काय संबंध? (त्याच पालकांचा पुढचा प्रश्न)

हा प्रश्न नेमका आहे. तो ‘सेट’ दुसऱ्या घरातून आलेला आहे. समूह या अर्थाचं नाम जुन्या फ्रेंचमधल्या ‘सेत’वरून आलं आणि ते लॅटिन ‘सेक्ता’वरून. ‘सेक्ता’ म्हणजे एकामागून जाणाऱ्यांचा समुदाय, पंथ. इंग्रजीतला पंथाचा ‘सेक्ट’ याचाच भाऊ. लॅटिनमध्ये मागून जाणे यासाठी जो धातू आहे, त्याचा संस्कृत सोयरा ‘सच्’, म्हणजे सोबत असणे. त्यावरून आपला ‘सचिव’. दोन्ही शब्द इंग्रजीत येता-येता आवाजानं एक झाले आणि पुढं अर्थांतही एकमेकांत मिसळले. कोशाची नोंद एवढी लांबण्याचं एक कारण हे आहे.

मराठी ‘संच’ कानाला जवळचा वाटतो, पण त्याचं नातं ‘सम् + चि’ म्हणजे गोळा करणे याच्याशी आहे. सारखेपणा योगायोगाचा.

प्रश्न : मी शिरोलीत फाउंड्रीत कोअर शॉपला आहे, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी राखणारे वाळूचे गाभे (कोअर) करतो. वाळू धरून ठेवणाऱ्या रेझिनबरोबर आलेल्या इंग्रजी सूचनापत्रकात ‘सेट’ एका ओळीत कोअर कडक होण्यासाठी आणि पुढच्या ओळीत कोअर मोल्डमध्ये (साच्यात) ठेवण्यासाठी वापरलाय. नवीन पोरं गोंधळतात. त्यांना कसं सांगावं? (एक वाचक, शिरोली)

तुमच्या पत्रकातले दोन्ही वापर बरोबर आहेत. पहिला ‘सेट’ आपोआप होणारा (कोअर धरतो, कडक होतो), दुसरा माणसानं करायचा (कोअर बसवतो). मराठीत या दोन क्रियांना दोन वेगळी क्रियापदं आहेत. तेव्हा शॉपमध्ये फळ्यावर लिहिताना ‘सेट’ टाळाच. ‘कोअर पूर्ण धरल्याशिवाय मोल्डमध्ये बसवू नये’ असं लिहा. नव्या माणसाला ते पहिल्या वाचनात कळतं.

पत्रकात आणखी दोन शब्द असतील, तेही वेगळे करून सांगा. वाळूत रेझिन आणि ॲसिड मिसळल्यापासून ती कोअर बॉक्समध्ये ठोकून भरता येते, त्या अवधीला ‘वर्क टाइम’ म्हणतात. कोअर बॉक्समधून न मोडता काढता येईल इतका कडक व्हायला लागणारा वेळ म्हणजे ‘स्ट्रिप टाइम’. साध्या बोलण्यात दोन्हींना ‘सेट व्हायचा वेळ’ म्हणतात आणि चूक तिथंच होते. वर्क टाइम संपल्यावर वाळू ठोकली तर जुळायला लागलेले रेझिनचे सांधे तुटतात आणि ते पुन्हा जुळत नाहीत. कोअर वरून चांगला दिसतो, पण कडा झडतात, धातू ओतल्यावर वाळू सुटते आणि कास्टिंगमध्ये वाळूचे डाग सापडतात. स्ट्रिप टाइमच्या आधी कोअर काढला तर तो वाकतो.

ॲसिडनं धरणाऱ्या या रेझिनला (फ्युरान) हवा आणि वाळूचं तापमान फार जाणवतं. एप्रिल-मेमध्ये वाळू तापलेली असली की ॲसिड कमी करावं लागतं, नाहीतर मिक्सरमधून पडेपर्यंतच वाळू धरायला लागते. पावसाळ्यात वाळूत ओल राहिली तर उलटं होतं, वेळ लांबतो आणि कोअर आतून कच्चा राहतो. कच्च्या कोअरमधून ओतताना जास्त गॅस सुटतो आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे गॅसची पोकळ भोकं, येतात. आदल्या दिवशीचं ॲसिडचं प्रमाण आज चालेलच असं धरू नये. सकाळी पहिली मूठभर वाळू घड्याळ लावून तपासावी.

सीओटू पद्धतीत, म्हणजे सोडियम सिलिकेटच्या वाळूत गॅस सोडून, कोअर काही सेकंदांत धरतो. तिथं चूक गॅसच्या मापात होते. कमी सोडला तर वरून कडक आणि आत मऊ. जास्त सोडला तर त्या क्षणी छान वाटतो, पण ठेवल्यावर ठिसूळ होऊन भुगा पडायला लागतो.

आता दुसरा ‘सेट’, बसवण्याचा. बसवण्याआधी कोअर प्रिंटची, म्हणजे मोल्डमध्ये कोअर टेकतो ती, जागा हवेच्या पाइपनं साफ करा, सुटी वाळू राहिली की कोअर उचललेला राहतो. कोअर हातानं हलवून बघा. तो जागचा सरकत असेल तर ओतताना धातूच्या रेट्यानं सरकणार, आणि कास्टिंगची एक भिंत जाड, दुसरी पातळ येणार. गॅस बाहेर जायची भोकं बुजली नाहीत ना, हे मोल्डची पेटी बंद करायच्या आधी बघायचं.

प्रश्न : सिमेंटच्या माहितीत ‘फायनल सेटिंग टाइम ६०० मिनिटे’ असं वाचलं. म्हणजे दहा तासांत स्लॅब तयार असं ठेकेदार म्हणतात. सेंट्रिंग कधी काढावं? (घर बांधत असलेले वाचक, कळंबा)

दहा तासांत काढू देऊ नका. सेट होणं आणि ताकद येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या एका शब्दाच्या गैरसमजानं स्लॅबला तडे जातात.

साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी भारतीय मानकाची अट अशी : सुरुवातीचं सेट होणं ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवटचं सेट होणं ६०० मिनिटांच्या पुढे जाता कामा नये. हे प्रयोगशाळेत मोजतात. व्हिकॅट नावाच्या उपकरणात सिमेंटची लगदी साच्यात भरून सुई सोडतात. सुई तळापासून सुमारे ५ मिलिमीटरवर अडायला लागली की सुरुवातीचं सेटिंग झालं. शेवटच्या सेटिंगला सुईचा नुसता टोचा उमटतो, तिच्याभोवतीच्या कड्याची खूण उमटत नाही. म्हणजे ६०० मिनिटांचा अर्थ इतकाच की लगदी आता मऊ राहिलेली नाही. तिच्यावर वजन पेलतं असा अर्थ त्यात कुठंच नाही. ताकद पुढं दिवसादिवसानं येते आणि ‘४३ ग्रेड’मधला ४३ हा आकडा २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा आहे.

सेंट्रिंगसाठी काँक्रीटचं मानक (आयएस ४५६) बघायचं. साधं पोर्टलंड सिमेंट असेल आणि हवा १५ अंशांच्या खाली जात नसेल तर कमीत कमी मुदत अशी : कॉलम, भिंत, बीमच्या उभ्या फळ्या १६ ते २४ तास. स्लॅबखालच्या फळ्या ३ दिवस, पण फळी काढल्याबरोबर टेकू परत लावायचे. टेकू काढायला, स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. बीमचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१ दिवस. राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट असेल तर ताकद सावकाश येते, तिथं मुदत वाढवून घ्या आणि तुमच्या इंजिनिअरकडून लेखी घ्या.

सुरुवातीच्या ३० मिनिटांचा उपयोग गवंड्याला आहे. पाणी घातल्यापासून माल लवकरात लवकर वापरून संपवायचा. थोडा-थोडा कालवा. माल ओढायला लागल्यावर वरून पाणी मारून परत कालवतात, ते थांबवा. तसा माल हाताला मऊ लागतो, पण सिमेंटची धरलेली पकड तुटलेली असते आणि जादा पाण्यानं ताकद आणखी घटते. एकच अपवाद आहे. कधी-कधी माल पाणी घातल्यावर काही मिनिटांतच घट्ट वाटतो, पण पाणी न घालता परत ढवळला की पूर्ववत मऊ होतो. हे खोटं सेटिंग. सिमेंट दळताना गिरणी फार तापली की त्यातल्या जिप्सममधलं पाणी उडतं, त्यामुळं ते होतं. ढवळून मऊ झाला तर माल चांगला आहे. ढवळूनही मऊ होत नसेल आणि हाताला गरम लागत असेल, तर तो वापरू नका.

आणि ‘सेंट्रिंग’चा ‘सेट’शी संबंध नाही. कमान बांधताना तिच्याखाली जो तात्पुरता लाकडी आधार देतात त्याला इंग्रजीत ‘सेंटर’ म्हणतात, त्यावरून ते आलं.

प्रश्न : सीएनसी (संगणकानं चालणाऱ्या मशीनच्या) शॉपच्या जाहिरातीत ‘सेटर’ आणि ‘ऑपरेटर’ वेगळे का असतात? (आयटीआयचा विद्यार्थी)

ऑपरेटर लावून दिलेल्या मशीनवर माल काढतो, सेटर मशीन लावून देतो. नवा जॉब (घडवायचा नग) आला की तो पकडणारं फिक्श्चर बसवणं, डायल लावून ते सरळ आहे का बघणं, जॉबचा शून्य बिंदू ठरवून मशीनच्या जी-५४ या नोंदीत भरणं, प्रत्येक टूलची लांबी मोजून तिचा आकडा (ऑफसेट) टाकणं, प्रोग्रॅम आधी जॉबच्या वर हवेत चालवून बघणं, मग पहिला नग काढून मोजणं, फरक ऑफसेटमध्ये दुरुस्त करणं आणि पहिला नग पास करून घेणं, ही सगळी कामं सेटरची. यात बसवणे, लावणे, ठरवणे, तिन्ही आले, म्हणूनच कामगारांच्या तोंडी ‘सेटिंग’ टिकलं. ते काढून टाका असं आम्ही म्हणणार नाही. मुलाखतीत मात्र ‘सेटिंग येतं’ एवढं बोलू नका, वरच्यातलं काय-काय स्वतःच्या हातानं केलंय ते सांगा. सगळ्यात महाग पडणारी चूक ऑफसेटच्या चिन्हाची असते. उण्याच्या जागी अधिक पडलं की टूल जॉबमध्ये घुसतं.

प्रश्न : आमच्या दाव्यात वरच्या कोर्टाच्या आदेशात ‘क्वॉश्ड अँड सेट असाइड’ असं लिहिलंय. आदेश बाजूला ठेवला म्हणजे नंतर परत काढणार का? (एक वाचक, शाहूपुरी)

नाही. इथं ‘सेट असाइड’ म्हणजे रद्द केला. ‘बाजूला ठेवणे’ हा घरगुती अर्थ, पैसे बाजूला टाकतो तो. कोर्टाच्या कागदावर तो चालत नाही. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आहे आणि इंग्रजी आदेश हातात पडणारी मंडळी इथं वाढली आहेत, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

आदेशात ‘इम्प्युन्ड ऑर्डर’ असं ज्याला म्हटलंय तो तुम्ही आव्हान दिलेला खालचा आदेश. तो ‘सेट असाइड’ झाला म्हणजे त्याचा अंमल संपला. मात्र त्याच्यापुढची ओळ वाचल्याशिवाय पेढे वाटू नका. ‘रिमांडेड’ असं लिहिलं असेल तर प्रकरण खालच्या कोर्टाकडे फेरसुनावणीला परत गेलं आहे, म्हणजे लढाई चालू आहे. ‘स्टे’ म्हणजे नुसती स्थगिती : आदेश जिवंत असतो, अंमल थांबलेला असतो.

हा शब्द आणखी एका ठिकाणी कामाचा आहे. तुम्ही हजर नसताना दिवाणी कोर्टात एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो रद्द करून घ्यायचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली करता येतो. मुदत फक्त ३० दिवस. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून धरतात. समन्स नीट बजावलंच नसेल तर हुकूमनाम्याची माहिती मिळाल्यापासून. ती तारीख कशी कळली याचा पुरावा, म्हणजे नोटिसीचा लिफाफा किंवा नकलेवरचा शिक्का, जपून ठेवा आणि वकिलांना पहिल्याच दिवशी दाखवा.

‘सेट ऑफ’ निराळा. त्याला वजावट म्हणतात, जुन्या जमाखर्चात मुजरा देणे म्हणायचे. फौजदारी शिक्षेत कच्च्या कैदेत काढलेले दिवस वजा होतात ते ‘सेट ऑफ’ (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२८, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६८). आयकरात तोटा नफ्यातून वजा करतात तोही ‘सेट ऑफ’. तिथं एक बंधन लक्षात ठेवा : दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातूनच वजा होतो.

प्रश्न : पुस्तकात ‘सेट’मध्ये एक घटक दोनदा लिहायचा नाही असं आहे. पण आमच्या घरच्या कपांच्या सेटमध्ये सहाही कप सारखेच आहेत! (नववीची विद्यार्थिनी, इचलकरंजी)

छान पकडलंस. घरातला ‘सेट’ आणि गणितातला संच यांचे नियम वेगळे आहेत. घरी आपण नग मोजतो, संचात ‘हा घटक आहे की नाही’ एवढंच विचारतो. तुझ्या गावाचंच नाव घे. इंग्रजीत इचलकरंजी लिहिताना १२ अक्षरं लागतात. त्यांचा संच केला की घटक ९ : आय, सी, एच, ए, एल, के, आर, एन, जे. ‘ए’ तीनदा आला आणि ‘आय’ दोनदा, तरी संचात एकेकदाच. क्रमही बदलला तरी संच तोच राहतो.

मग सहा कपांचं काय? कप दिसायला सारखे असले तरी ते सहा वेगळे कप आहेत. प्रत्येकाला खालून आकडा टाक, क१ ते क६, की सहा घटकांचा संच झाला. ‘त्या कपांच्या रंगांचा संच’ असं विचारलं तर मात्र घटक एकच. परीक्षेत प्रश्न वाचताना कशाचा संच विचारलाय ते आधी अधोरेखित कर. संचांचा हा अभ्यास जर्मन गणिती गेओर्ग कँटर यांनी १८७४ पासून उभा केला. त्यांचा मूळ जर्मन शब्द ‘मेंगे’, म्हणजे पुष्कळ वस्तूंचा समुदाय. ‘सेट’ हे त्याचं इंग्रजी भाषांतर.

प्रश्न : दुकानात ‘सेट दही’ मिळतं. घरचं दही काय ‘सेट’ नसतं का? आणि थंडीत ते लागत का नाही? (गृहिणी, कागल)

घरचं दही ‘सेट’च असतं. कारखान्यात विरजलेलं दूध आधी कपात भरून तिथंच दही लागू देतात, त्याला ‘सेट’ म्हणतात. मोठ्या टाकीत लावून, ढवळून मग भरतात ते वेगळं.

अर्धा लिटर दूध उकळून ४० ते ४५ अंशांपर्यंत निवू द्या, करंगळी बुडवून सहज धरवेल इतपत. चहाचा एक चमचा ताजं विरजण थोड्या दुधात फेटून सगळ्यात मिसळा. उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात, डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा. भांडं जाड टॉवेलात गुंडाळून कणकेच्या डब्याशेजारी किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवा. दूध फार गरम असताना विरजण घातलं तर जिवाणू मरतात. फार गार असेल तर ते वाढत नाहीत. आणि मधे भांडं हलवू नका. आंबटपणा वाढला की दुधातली प्रथिनं जाळी धरतात, ती जाळी हलली की मोडते आणि पाणी सुटतं.

तुमच्या वाक्यातला ‘लागत’ बघा. मी दही लावलं, दही लागलं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘सेट’. कुणी केलं आणि काय आपोआप झालं, हा फरक आपल्याकडे क्रियापदातच दिसतो.

प्रश्न : खड्याच्या ‘सेटिंग’ला मराठी शब्द? (गुजरी)

कोंदण. खडा ज्यात बसतो ती धातूची जागा कोंदण आणि बसवण्याचं काम जडाव. इतका नेमका शब्द असताना पावतीवर ‘सेटिंग चार्ज’ऐवजी ‘कोंदणाची मजुरी’ लिहावं, अशी आमची मनापासून सूचना आहे.

प्रश्न : मी भाषांतरं करते. ‘द स्टोरी इज सेट इन कोल्हापूर’ हे ‘कथा कोल्हापुरात सेट केलेली आहे’ असं सर्रास दिसतं. पर्याय? (एक वाचक, ताराबाई पार्क)

‘कथा कोल्हापुरात घडते.’ तीन शब्दांत काम झालं. काळासाठीही तेच : ‘कथा १९३० च्या सुमारास घडते.’

चित्रपटाच्या ‘सेट’ला मात्र हात लावू नका. बाबूराव पेंटरांच्या काळापासून या गावानं सिनेमा हातानं घडवला आहे. १९२९ साली प्रभात कंपनी इथंच सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. ‘सेट लावला’, ‘सेट मोडला’ ही इथली जुनी कामाची भाषा आहे. रंगभूमीबद्दल लिहीत असाल तर ‘नेपथ्य’ घ्या, पण नेपथ्यात सगळी रचना येते. उभारलेली लाकडी-कापडी वस्तू दाखवायची असेल तर ‘सेट’च बरोबर.

आणखी काही ठिकाणं तुमच्या कामी येतील. पावसाळा ‘सेट इन’ झाला : पाऊस लागला. प्रवासाला ‘सेट आउट’ : निघाले. धंदा ‘सेट अप’ केला : उभारला, थाटला. पण कुणीतरी माणसाला ‘सेट अप’ केलं तर त्याला अडकवलं. टाइप ‘सेट’ करणे : खिळे जुळवणे. टेनिसचा ‘सेट’ तसाच ठेवा, कारण तो मोजणीचा एकक आहे : दोन गेमच्या फरकानं सहा गेम, सहा-सहा झाले की टायब्रेक.

प्रश्न : ‘सेट-नेट’मधला सेट, ‘असेट’ आणि ‘सेटल’ हे एकाच शब्दातले का? (विद्यार्थी, सायबर चौक)

परीक्षेचा ‘सेट’ हा तीन शब्दांच्या आद्याक्षरांचा : स्टेट एलिजिबिलिटी टेस्ट, राज्य पात्रता परीक्षा. शब्दाशी नातं नाही. ‘असेट’ही परका. तो लॅटिन ‘अद सातिस’ म्हणजे ‘पुरेसं’ यावरून फ्रेंचमार्गे आला : देणी भागवायला पुरेल एवढी मालमत्ता. ‘सेटल’ मात्र घरचा. जुन्या इंग्रजीत ‘सेट्ल’ म्हणजे बसायची जागा, त्यावरून स्थिरावणे. पोरगा पुण्यात ‘सेटल’ झाला असं आपण म्हणतो, तेव्हा मराठीत त्यानं तिथं बस्तान बसवलेलं असतं.